पाटीवर नसलेला शब्द

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमासाठी दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर चौथीच्या बाईंनी मला एक पुठ्ठा दाखवला. त्यावर बारा चित्रे चिकटवलेली होती: पाणी, जेवण, शी-शू, झोप, आई, बाबा, ताई, शाळा, खेळ, टीव्ही, औषध आणि 'दुखतंय'. बाईंच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा होता. त्याला ऐकू चांगले येई, सांगितलेले सगळे समजे. पण ओठ, जीभ आणि श्वास यांच्या स्नायूंवर मेंदूचा ताबा नसल्याने तोंडातून निघणारा आवाज घरच्यांखेरीज कोणालाही कळत नसे. उजव्या हाताची मूठ तो हव्या त्या चित्रावर नेऊन ठेवी. हा पुठ्ठा म्हणजे त्याची वाणी.

बाईंनी सांगितलेली हकिकत अशी. एकदा सलग दोन दिवस हा मुलगा 'दुखतंय' या चित्रावर मूठ आपटत राहिला. "डोकं दुखतंय? पोट? दात?" प्रत्येक प्रश्नाला त्याने मान फिरवली. घरच्यांनी डॉक्टरांकडे नेले, पोटदुखीचे औषध सुरू झाले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याची सहावीतली बहीण वर्गात आली. तिने त्याच्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "आजोबा?" मुलगा जो रडू लागला तो थांबेना. पंधरा दिवसांपूर्वी त्याचे आजोबा वारले होते. पाटीवर आई होती, बाबा होते, ताई होती, आजोबा नव्हते. 'आठवण' हा शब्द तर नव्हताच.

"सर, असं पुन्हा होऊ नये म्हणून एखादं यंत्र मिळेल का?" बाईंनी मला विचारले. मी संशोधक असल्यामुळे यंत्राबद्दल मला ठाऊक असणार, असा त्यांचा समज होता. तो तेव्हा तरी खरा नव्हता. नंतर मात्र या विषयावर जमेल तेवढे वाचले, काही साधने स्वतः हाताळून पाहिली. या लेखात त्यांपैकी काहींचे परीक्षण करायचे आहे. त्यासाठी त्या मुलाकडूनच मिळालेली एक कसोटी मी वापरणार आहे: ज्याची आपण कल्पनाही केली नव्हती असे काही या साधनाने मुलाला सांगता येते का? ज्या साधनाने मूल फक्त आपण आधी ठरवलेलेच बोलू शकते, ते साधन मुलाचे नव्हे, आपले आहे.

एका बोटाचे पुस्तक

या विषयावरचे आपल्याकडचे महत्त्वाचे पुस्तक म्हणजे मालिनी चिब यांचे 'वन लिटल फिंगर' हे इंग्रजी आत्मचरित्र. मालिनी चिब यांचा जन्म १९६६ सालचा. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. येथल्या डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही, तेव्हा आईवडिलांनी त्यांना इंग्लंडला नेले. तेथे या मुलीची बुद्धी शाबूत आहे, अडचण स्नायूंची आहे, हे ओळखले गेले. त्यांच्या आई डॉ. मिठू अलुर यांनी परत आल्यावर १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली आणि कुलाब्याला अवघ्या तीन मुलांना घेऊन शाळा सुरू झाली. हीच संस्था पुढे 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाऊ लागली. मालिनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि लंडनमध्ये त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. हे सारे शिक्षण आणि हे पुस्तक त्यांनी एका बोटाने टंकलेखन करून पुरे केले.

पुस्तकाचे नाव वाचून ख्रिस्ती ब्राउन या आयरिश लेखकाच्या १९५४ सालच्या 'माय लेफ्ट फूट' या आत्मचरित्राची आठवण होते. त्याचा ताब्यात असलेला अवयव डावा पाय होता, मालिनींचा एक बोट. शरीराच्या एखाद्या कोपऱ्यात हेतुपुरस्सर करता येण्याजोगी एक हालचाल शिल्लक असली, तरी तिच्यावर संपूर्ण भाषा उभी राहू शकते. संवाद-साधनांच्या शास्त्राचा पाया हाच आहे. मग ती हालचाल बोटाची असो, भुवईची असो, पापणीची असो की फुंकर मारण्याची.

मालिनी ज्या यंत्राने बोलतात त्याचे नाव लाइटरायटर. आकाराने लहान टंकयंत्राएवढे. कळा दाबून वाक्य लिहायचे, की यंत्र ते मोठ्याने वाचते. शिवाय या यंत्राला दोन पडदे असतात. एक लिहिणाऱ्याकडे तोंड केलेला आणि दुसरा समोरच्याकडे. हा दुसरा पडदा मला यंत्रातल्या आवाजापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे ऐकणारा माणूस समोर बसतो, पाठीमागे उभा राहून खांद्यावरून डोकावत नाही. ही युक्ती सुचायला तसे कारण होते. यंत्राचे जनक टोबी चर्चिल हे इंग्लंडमधले अभियंते. तरुणपणी मेंदूला सूज येऊन त्यांचे स्वतःचेच बोलणे गेले होते. समोरच्याने तोंडाकडे पाहून बोलावे, ही गरज त्यांना कोणी सांगावी लागली नाही.

पुस्तकाचे बळ त्याच्या स्पष्टपणात आहे. लोक आपल्याशी न बोलता आपल्या मदतनिसाशी बोलतात, ही व्यथा त्यात पुनःपुन्हा येते. 'हिला काय हवं?' असे शेजारच्याला विचारले जाते, तेव्हा यंत्र कितीही उत्तम असले तरी ते मुकेच राहते. शिक्षकांनी हे पुस्तक वाचावे ते यासाठी.

पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. हे एका असामान्य कुटुंबाचे चरित्र आहे. शिकलेली, जिद्दी आई, परदेशी जाण्याची ऐपत, इंग्रजी ही घरची भाषा, लंडनमधल्या चाकाच्या खुर्चीला सोयीच्या बसगाड्या, हे सगळे जुळून आल्यावर ते बोट चालले. संगमेश्वर किंवा राजापूर तालुक्यातल्या वाडीवरच्या मुलाचे काय, हा प्रश्न पुस्तक सोडवत नाही, आणि आत्मचरित्राकडून तशी अपेक्षा करणेही योग्य नाही. धोका वेगळाच आहे. असे पुस्तक वाचून आपण 'केवढी ही जिद्द!' म्हणतो आणि पुस्तक मिटतो. जिद्द मुलावर सोपवली की आपली जबाबदारी संपते.

याच जीवनावरून सुचलेला शोनाली बोस यांचा 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' हा चित्रपट २०१४ साली तयार झाला आणि २०१५ साली आपल्याकडे प्रदर्शित झाला. दिग्दर्शिका मालिनींची नात्यातली बहीण. चित्रपटातली आई मराठी आहे आणि नायिका लैला तिला 'आई' म्हणूनच हाक मारते. आमच्या कसोटीला हा चित्रपट चांगला उतरतो. लैला जे बोलते, मागते आणि चुकते, ते कोणत्याही चित्रांच्या पाटीवर कोणी चिकटवले नसते. सहानुभूती मिळवण्यासाठी तिला शहाणे करून ठेवलेले नाही, हे मला विशेष आवडले.

अक्षरे मोजण्याची रीत

आता यंत्रांकडे वळू. ज्याचे बोट चालते त्याला कळफलक पुरतो. ज्याचे बोटही चालत नाही त्याचे काय? त्याच्यासाठी पर्याय एकामागून एक पुढे आणायचे आणि योग्य पर्याय आला की त्याने खूण करायची. या रीतीला क्रमनिवड म्हणू. फ्रेंच पत्रकार ज्यां-दोमिनिक बोबी याला १९९५ साली मेंदूचा झटका आला आणि डाव्या पापणीखेरीज काहीही हलेना. समोरची व्यक्ती अक्षरे म्हणत जाई, हवे ते अक्षर आले की तो पापणी मिटे. १९९७ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक असे अक्षरागणिक लिहिले गेले आहे. अक्षरांचा क्रम मात्र नेहमीचा नव्हता. फ्रेंचमध्ये जे अक्षर सर्वाधिक येते ते पहिले, त्याखालोखाल येणारे दुसरे, असा तो लावला होता. त्यामुळे वेळ वाचतो.

मराठीसाठी अशी सोय आहे का? आहे, आणि ती दोन हजारांहून अधिक वर्षे जुनी आहे. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य आणि प-वर्ग ओष्ठ्य. पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरे. हा तयार चौकोन आहे. एक-एक अक्षर सेकंदाला एक या गतीने पुढे आणले, तर 'क' पासून 'म' पर्यंतच्या पंचवीस व्यंजनांत 'ब' तेविसाव्या सेकंदाला येतो. त्याऐवजी आधी ओळी मोजा. पाचव्या सेकंदाला प-वर्ग आला, मुलाने खूण केली. मग त्या ओळीत तिसऱ्या सेकंदाला 'ब'. एकूण आठ सेकंद. पंचवीस अक्षरांची सरासरी काढली, तर एकेरी पद्धतीत तेरा सेकंद आणि चौकोनी पद्धतीत सहा सेकंद पडतात. हे गणित सातवीच्या वर्गात फळ्यावर करून पाहावे.

रोमन लिपीच्या वर्णक्रमाला असा ध्वनीवर आधारलेला चौकोन नाही. आपल्याकडे तो असताना मराठी मुलांसाठी केलेल्या पाट्यांवर अक्षरे इंग्रजी कळफलकाच्या ओळींप्रमाणे लावलेली दिसतात, तेव्हा वाईट वाटते. बाराखडी पाठ असलेल्या मुलाला 'ब' कोठे असेल हे पाहावेही लागत नाही.

देवनागरीच्या अडचणीही आहेत. 'स्त्री' हे लिहिताना एक अक्षर दिसते, पण संगणकाला त्यासाठी सहा चिन्हे द्यावी लागतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. एकेका चिन्हाला सहा सेकंद धरले तर या एका अक्षराला छत्तीस सेकंद लागतील. म्हणून मात्रांची वेगळी ओळ हवी, नेहमीची जोडाक्षरे आयती हवीत, आणि अर्धा शब्द लिहिताच पुरा शब्द सुचवण्याची सोय हवी. 'ङ' आणि 'ञ' यांना चौकोनात मानाची जागा द्यायची की 'र', 'ल', 'स', 'ह' यांना तेथे आणायचे, हेही ठरवावे लागेल. यासाठी विद्यार्थ्यांना एक उपक्रम देता येईल. वर्तमानपत्रातल्या एका स्तंभातली अक्षरे आणि मात्रा मोजून तक्ता करा. काना बहुधा सर्वात वर येईल असा माझा अंदाज आहे. खरे काय ते मोजणारेच सांगतील.

'मी शाळा जाणे'

अक्षरओळख नसलेल्या लहान मुलाला चित्रेच द्यावी लागतात. चित्रांवर भाषा उभी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न चार्ल्स ब्लिस यांनी केला. ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले हे रसायन अभियंते नाझी छळछावण्यांतून सुटून शांघायला पोचले. तेथे चिनी लिपी पाहून, जिला उच्चारच नाही अशी चिन्हभाषा त्यांनी रचली आणि १९४९ साली ती प्रसिद्ध केली. राष्ट्राराष्ट्रांतले गैरसमज मिटावेत, हा त्यांचा हेतू होता. राष्ट्रांनी तिच्याकडे पाहिले नाही. पण १९७१ साली कॅनडातल्या टोरांटो येथील एका केंद्रातल्या शिक्षिकांनी ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना शिकवली आणि मुले बोलू लागली. शोध एकासाठी लावावा आणि उपयोग दुसऱ्यालाच व्हावा, याचे हे सुंदर उदाहरण आहे. हा उपयोग शिक्षिकांनी शोधला, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

आपल्याकडे चेन्नईच्या अजित नारायणन यांनी 'आवाज' नावाचे चित्रफलकाचे साधन तयार केले आणि मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात 'जेलो' हे साधन तयार झाले. जेलो मोबाइलवर विनामूल्य मिळते आणि ते मराठीतही आहे. मध्यभागी खाणे, शिकणे, माणसे, ठिकाणे अशा विषयांची चित्रे आणि दोन्ही कडांना आवडते-आवडत नाही, हो-नाही, आणखी-कमी अशी भाव सांगणारी बटणे. चित्र आणि भाव यांची जोडी केली की यंत्र पूर्ण वाक्य बोलते. या जोडणीचे मला कौतुक वाटते. नुसता 'जेवण' हा शब्द अर्धा असतो. 'जेवण नको' हे बोलणे असते. नकार देता येणे ही भाषेची पहिली पायरी आहे, आणि बाईंच्या पुठ्ठ्यावर नेमका 'नको' नव्हता.

पण वाक्ये आधीच रचून ठेवलेली असल्यामुळे मुलाला छापील अर्जातल्या जागा भरल्यासारखे बोलावे लागते. नवे काही सांगायचे तर कळफलकावर लिहावे लागते, म्हणजे पुन्हा अक्षरे आली. मग चित्रे सुटी देऊन मुलानेच वाक्य का रचू नये? येथे मराठीचे व्याकरण आडवे येते. इंग्रजीत शाळेला जो शब्द आहे तो वाक्यात न बदलता बसतो. मराठीत 'शाळा' या शब्दाचे आधी सामान्यरूप होते, मग प्रत्यय लागतो: शाळेत, शाळेला, शाळेतून. 'पाऊस'चे 'पावसात' होते, 'घोडा'चे 'घोड्याला'. क्रियापद तर कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. मुलीने 'मी', 'शाळा' आणि 'जाणे' ही चित्रे दाबली, तर तिच्या यंत्राने 'मी शाळेत जाते' म्हटले पाहिजे. साधे यंत्र म्हणते, 'मी शाळा जाणे'. किंवा तयार क्रियापद पुल्लिंगी ठेवलेले असेल तर 'जातो'. मोडके बोलणारे मूल लोकांना मंदबुद्धीचे वाटते, आणि मोडतोड तर यंत्राने केलेली असते!

नारायणन यांनी २०१३ साली 'टेड'च्या व्यासपीठावर यावर एक तोडगा मांडला. शब्दांचा क्रम विसरा. चित्रांना प्रश्नांनी जोडा. खातो, कोण? काय? केव्हा? जोडणी पुरी झाली की वाक्य रचण्याचे काम संगणकाने करावे. मराठीच्या शिक्षकांना ही कल्पना ऐकून घरचे माणूस भेटल्यासारखे वाटेल, कारण क्रियेशी असलेले नाते 'कोण, कोणाला, कशाने, कोठे' असे विचारून ओळखणे म्हणजेच आपला कारकविचार. पाणिनीने तो मांडला, आपण तो पाचवी-सहावीपासून शिकवतो आणि परीक्षा झाली की विसरतो. ज्याची वाचा गेली आहे अशा मुलाच्या यंत्राला तोच कारकविचार हवा आहे. सामान्यरूपे, लिंग, वचन आणि काळ सांभाळणारे मराठीचे असे साधन चांगल्या दर्जाचे झाले पाहिजे. संगणकतज्ज्ञ आणि व्याकरणाचे जाणकार एका टेबलाशी बसल्याखेरीज ते होणार नाही.

चित्रांचाही प्रश्न आहेच. बाहेरून आलेल्या चित्रसंचात हिममानव आणि सँडविच सापडतात. घावन, पेज, होडी, फणस, गणपतीत येणारे मुंबईकर काका सापडत नाहीत. रत्नागिरीचे मूल जूनपासून चार महिने पाऊस ऐकत असते. त्याच्या पाटीवर छत्रीचे एक चित्र असून कसे भागेल?

शब्द कोणाचे?

आमच्या कसोटीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुलाच्या तोंडून अनपेक्षित असे पुष्कळ काही येऊ लागले, तर ते मुलाचेच आहे कशावरून? १९९० च्या सुमारास अमेरिकेत एक पद्धत झपाट्याने पसरली. मदतनीस मुलाचा हात धरून कळफलकावर आधार देई आणि आजवर न बोललेली मुले एकाएकी लांबलचक वाक्ये लिहू लागत. पालकांना आनंदाश्रू आवरेनात. मग काही संशोधकांनी साधा प्रयोग केला. मुलाला एक चित्र दाखवायचे, मदतनिसाला दुसरे, आणि कोणी काय पाहिले हे दुसऱ्याला कळू द्यायचे नाही. उमटलेले शब्द मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचे निघाले. मदतनीस लबाड नव्हते. आपला हात नकळत दिशा देतो आहे हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते. १९९४ साली अमेरिकी मानसशास्त्र संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले.

हा इतिहास शिक्षकांना माहीत असावा, कारण अशा पद्धती नाव बदलून परत येतात. म्हणून साधन निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा, की मुलाची खूण दुसऱ्या कोणी हाताला हात न लावता होते ना? मालिनी चिब यांचे बोट त्यांचे स्वतःचे आहे. बाईंच्या वर्गातली मूठही त्या मुलाचीच आहे.

याच्या उलट टोकाची एक भीती पालकांना असते. पाटी दिली तर मूल बोलण्याचा प्रयत्नच सोडून देईल, असे त्यांना वाटते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पुरावा भक्कम असलेली सत्तावीस उदाहरणे तपासली गेली. साधन मिळाल्यामुळे बोलणे कमी झाले असे एकही उदाहरण आढळले नाही. ८९ टक्के उदाहरणांत बोलण्यात थोडीफार वाढ झाली, उरलेल्या ११ टक्क्यांत फरक पडला नाही.

थांबण्याचे शास्त्र

या विषयातले जगाला ठाऊक असलेले नाव म्हणजे स्टीफन हॉकिंग. १९८५ साली जिनिव्हाला न्यूमोनिया झाल्यावर शस्त्रक्रियेत त्यांचा उरलासुरला आवाज गेला. सुरुवातीला समोरच्याने तक्त्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवायचे आणि हॉकिंग यांनी भुवई उंचवायची, असे चाले. म्हणजे जगद्विख्यात शास्त्रज्ञाचे पहिले यंत्र पुठ्ठ्याचेच होते. नंतर कॅलिफोर्नियातल्या वॉल्ट वॉल्टोझ यांची संगणक-प्रणाली आली. हातातल्या एका खटक्याने शब्द निवडून मिनिटाला पंधरा शब्दांपर्यंत जाता येई. पुढे हातही थकला, तेव्हा गालाची हालचाल टिपणारा खटका बसवला गेला.

आपण सहज बोलताना मिनिटाला सुमारे दीडशे शब्द बोलतो. म्हणजे उत्तम यंत्र घेऊनही हॉकिंग आपल्या दहापट सावकाश होते. जानेवारी २००१ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेल्या परिषदेसाठी मुंबईला आले होते. त्यांची व्याख्याने आधी रचून ठेवलेली असत, पण प्रश्नाचे उत्तर तेथल्या तेथे रचावे लागे, आणि तेवढा वेळ भरलेले सभागृह शांत बसून राही. कोणी घड्याळ पाहत नसे, कोणी त्यांचे वाक्य पुरे करत नसे.

हॉकिंग यांच्यासाठी जग थांबते, आणि चौथीतल्या मुलासाठी आपण पाच सेकंदही थांबत नाही. प्रश्न विचारतो, वाट न पाहता दुसरा विचारतो आणि मग 'याला येत नाही' असा निष्कर्ष काढतो. वरचे गणित आठवा. एका अक्षराला सहा सेकंद लागत असतील, तर पाच सेकंदांत उत्तर मागणे म्हणजे उत्तर नको असणेच होय.

कायद्यानेही ही बाजू आता मान्य केली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धतींचा समावेश आहे, आणि शाळांमधून अशा पद्धतींच्या वापराला चालना देणे हे शासनाचे कर्तव्य सांगितले आहे. कलम असणे आणि वर्गात पाटी असणे यांत अंतर आहे. ते शिक्षकच तोडू शकतात.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर

मी बाईंना दिलेले उत्तर थोडक्यात येथे देतो. यंत्र मिळते, आणि ते जरूर वापरून पाहावे. पण यंत्र येईपर्यंत पुठ्ठ्यावर पाच गोष्टी कराव्यात. पहिली, गरजेच्या वस्तूंखेरीज 'नको', 'का', 'आणखी', 'माझं', 'तू', 'थांब', 'खोटं', 'आठवण' असे शब्द घालावेत. मुलांच्या बोलण्याच्या नोंदी घेतल्या, की असे दिसते की नेहमीच्या बोलण्याचा मोठा भाग अशा काही शे शब्दांनीच व्यापलेला असतो. दुसरी, एक चौकट 'जे सांगायचे ते येथे नाही' यासाठी राखून ठेवावी. तिच्यावर मूठ पडली की शोधायचे काम आपले. तिसरी, 'काल-आज-उद्या' आणि 'कोण-कोणाला-कोठे' यांची पट्टी जोडावी, आणि मुलाने जोडलेले चित्रवाक्य आपण नीट मराठीत म्हणून दाखवून 'असंच ना?' असे विचारावे. चौथी, अक्षरांचा चौकोन आजच शेजारी लावावा. पाचवी सर्वात महत्त्वाची: बोलताना बाईंनी आणि वर्गातल्या मुलांनीही पाटीवर बोट ठेवून बोलावे. तान्हे मूल वर्षभर ऐकते तेव्हा पहिला शब्द बोलते. पाटीची भाषा कोणी बोलताना या मुलाने एकदाही पाहिले नव्हते, तरी ती त्याने यावी अशी आपली अपेक्षा होती.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा त्या शाळेत गेलो. नवी पाटी मोठी होती, प्लॅस्टिकमध्ये घातलेली, आणि तिच्यावर चौसष्ट चौकटी होत्या. आजोबांचा फोटो दुसऱ्या ओळीत होता. मुलाने माझ्याकडे पाहिले, मूठ 'का' वर नेली, मग 'तू' वर, आणि मग दाराकडे मान वळवली. मी का आलो, असे तो विचारत होता. बाई म्हणाल्या, "सांगा आता!" आणि पाटी माझ्यापुढे धरली. तोंडाने न बोलता उत्तर द्यायला मला चार मिनिटे लागली. तो थांबला होता.